करवतीतली तार

आमच्या ह्यांना दुसऱ्याच्या कामात खोट काढल्याशिवाय हातातला ब्रश चालवता येत नाही. मागच्या खोलीत त्यांचा कारखाना: एक टेबल, पान्यांचा डबा आणि रॉकेलचं भांडं. गल्ली त्यांना मास्तर म्हणते आणि ह्यांनाही ते खरं वाटतं.

परवा भंगारवाल्याकडून जुनी चेनसॉ आणली, झाडं कापायची साखळीची करवत. वरचं झाकण कुणीतरी बदललेलं, बाकी सगळीकडे तेल आणि भुशाचा बोटभर थर. हे सकाळपासून साफ करायला बसले आणि तोंडाचा पट्टा सुरू. फिल्टर पाहून म्हणाले, "आयुष्यात कधी धुतलेला नाही." साखळीचे दात पाहून, "आंधळ्याने घासलेत." मी चहा घेऊन गेले तेव्हा बाजूचं झाकण उघडलं होतं.

"अगं, हे बघ! साखळी थांबवायचा ब्रेक कुणीतरी तारेने बांधून ठेवलाय. करवत उसळली तर ब्रेक लागायचाच नाही. असल्या मेकॅनिकला भर चौकात फटके द्यायला हवेत."

मी वाकून बघितलं. तारेला पीळ उलटा होता. हे डावखुरे. कपडे वाळत घालायच्या तारेपासून खिडकीच्या जाळीपर्यंत आमच्या घरातली प्रत्येक तार अशीच पिळलेली आहे. मी पिळावर बोट ठेवलं आणि ह्यांचा ब्रश हातातच थांबला.

पहिलवानाची करवत होती ती. झाडं तोडून पोट भरणारा, दोन गल्ल्या पलीकडचा. दोन वर्षांपूर्वी "ब्रेक सारखा अडकतोय, मास्तर" म्हणत आला होता. ह्यांनी नवी स्प्रिंग मिळेपर्यंत म्हणून ब्रेक बांधून दिला आणि साफ विसरून गेले. सहा महिन्यांनी करवत उसळली, खांद्यात घुसली आणि पहिलवानाचा डावा हात कायमचा लुळा पडला. मी बघायला गेले होते. त्याच्यासमोर त्याच्या बायकोला मीच म्हणाले होते, "मशीन हाताळायला अक्कल लागते गं." ते आठवलं आणि धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"परत भंगारात देऊन टाकू," हे खाली बघत म्हणाले. "कुणाला कळतंय?"

"आपल्याला कळलंय ना!" मी खेकसले. ह्यांच्यावर की स्वतःवर, कोण जाणे.

दुपारी तार रुमालात गुंडाळून आम्ही गेलो. पहिलवान दारात बसून एका हाताने बुटाची नाडी बांधायची खटपट करत होता. "अरे, तुझी ती करवत..." एवढंच ह्यांना बोलता आलं.

"तिचं काय घेऊन बसलात, मास्तर! मी सगळ्यांना सांगतो, मशीन तुमच्या हाताखालून गेली होती, तिच्यात खोट कशी असेल? मीच चुकलो. वहिनी म्हणाल्या ते खरंच आहे, अक्कल लागते."

ह्यांनी रुमाल उघडला आणि सगळं सांगितलं. पहिलवानाने तार उचलून हातात घेतली.

"दीड वर्ष मी स्वतःला शिव्या घालतोय, मास्तर," तो म्हणाला.

नाडी सुटलेलीच होती. ती बांधायला मी खाली वाकले. त्याने पाय मागे घेतला.