आण्णांसाठी समुद्र निवडताना

मी सवयीने मॉनिटर समोरच्यांकडे वळवला आणि मॉरिशसचे फोटो दाखवायला लागले. निळं पाणी, पांढरी वाळू, माडाला टांगलेला झोका. मुलगा बघत होता, आई बघत होती. वडील मात्र टेबलाच्या कोपऱ्याकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं, पसंत पडलेलं नाही. मी पुढचा बीच काढला.

"मॅडम," मुलगा हळूच म्हणाला, "आण्णांना दिसत नाही."

नगरमध्ये सावेडीला एका ट्रॅव्हल कंपनीत मी परदेशी सहलींचं काम बघते. जागा सुचवायची, विमान आणि हॉटेल जुळवायचं, ग्रुप असला की टूर मॅनेजर म्हणून बरोबर जायचं. समुद्र विकणं हा आमच्या धंद्याचा मोठा भाग, आणि समुद्र विकला जातो फोटोवर. त्या दिवशी माझं हत्यारच गेलं.

मुलाचं नाव संतोष. एमआयडीसीत इंजिनियर, राहायला केडगावला. आईवडील जामखेडच्या बाजूला गावाकडे. काचबिंदूने आण्णांची नजर हळूहळू गेली होती. ऑगस्टमध्ये आमचा एक लहान ग्रुप मॉरिशसला निघणार होता, त्यात आईवडिलांना घेऊन यायचं संतोषच्या मनात होतं.

"पाण्यातल्या ॲक्टिव्हिटी कुठल्या धरू?" मी विचारलं.

"एकही नको. आण्णा वाळूवर बसतील. मीही त्यांच्याजवळच बसेन, मला पोहता येत नाही."

आण्णा पहिल्यांदाच बोलले. "ताई, पान्यात उतरता येतं का, त्येवढं बघा. बाकी कायबी दाखवा."

"आण्णा, आपलं ठरलंय ना?"

"तुझं ठरलंय."

मग संतोषच्या आईने, काकूंनी सांगितलं. गावातल्या निम्म्या पोरांना आण्णांनी पोहायला शिकवलं होतं. पाठीला डबा बांधायचा, पोटाखाली हात धरायचा, आणि पोराला कळायच्या आत हात काढून घ्यायचा. घरचा मुलगा तेवढा राहिला, कारण तो लहानपणीच शिकायला नगरला होस्टेलवर आला. नजर गेल्यानंतर एका सकाळी आण्णा कुणाला न सांगता विहिरीत उतरले. पोहता पोहता कपाळ कडेच्या दगडावर आपटलं. काकूंनी आरडाओरडा करून माणसं गोळा केली. तेव्हापासून विहिरीच्या पायऱ्यांना जाळीचं दार होतं. दाराला कुलूप.

"आण्णा, पुन्हा पाण्यात जायची भीती नाही वाटत?"

"पान्याची कशाला वाटंल? दगडाची वाटती. हिरीत चार हात मारलं की कड लागती. समुद्राला म्हनं कडच न्हाई."

संतोषला नाही म्हणायचं होतं, पण ते कसं म्हणावं हे सुचत नव्हतं. मीच मधला रस्ता काढला. "आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले, तर मी अशी जागा शोधते की तुम्हालाही हो म्हणता येईल. नाही सापडली, तर आण्णा वाळूवर."

डॉक्टरांनी पोहायला परवानगी दिली, पण दोन गोष्टींना हरकत घेतली. डोळ्यांवर घट्ट बसणारा चष्मा नको आणि खोल पाण्यात बुडी मारणं नको. म्हणजे हेल्मेट घालून समुद्राच्या तळावर चालायचा जो प्रकार तिथे फार खपतो, तो गेला. काचेच्या तळाची बोट आण्णांच्या कामाची नव्हतीच. उरलं फक्त पोहणं. यादी छोटी झाली तसं काम अवघड झालं.

मॉरिशसभोवती प्रवाळाचं कडं आहे, त्याला रीफ म्हणतात. मोठ्या लाटा त्या कड्यावर फुटतात, आणि कडं ते किनारा या पट्ट्यात पाणी उथळ आणि शांत राहतं. तो लगून. पोहायचं ते लगूनमध्ये. पण सगळे लगून सारखे नसतात. कुठे वाळूत प्रवाळाचे तुकडे असतात, तळपाय फाटतात. कुठे स्पीडबोटींची ये-जा असते. आणि ऑगस्टमध्ये तिथे थंडी. वारा आग्नेयेकडून येतो, त्यामुळे पूर्वेचे किनारे फोटोत कितीही सुंदर दिसले तरी त्या दिवसांत पाणी खवळलेलं असतं. आमच्या पॅकेजचं हॉटेल नेमकं पूर्वेला होतं.

मी आमच्या मालकांकडे, मुनोत सरांकडे गेले.

"सर, या ग्रुपचं हॉटेल वायव्येला हलवायचंय."

"का? पूर्वेचे फोटो बघितले का तू? लोक फोटो बघून बुकिंग करतात."

"हा माणूस फोटो बघत नाही, सर."

मी सगळं सांगितलं. सर खुर्चीत मागे रेलले. "वर्षा, न दिसणाऱ्या माणसाला आपण समुद्रात उतरवणार? काही झालं तर? गाडीतून बेट फिरव, नारळपाणी पाज आणि घेऊन ये."

"बरोबर ट्रेनर घेतला तर? आणि बोटींना बंदी असलेला, दोरीने आखलेला भाग मिळाला तर?"

"मुलगा तयार आहे?"

"अर्धा."

"तो पूर्ण झाला की ये."

तिथल्या व्यवस्थेसाठी आमचा एक लोकल ऑपरेटर असतो. हॉटेल, गाडी, गाइड तो बघतो. त्याला मी नेहमीचे प्रश्न विचारलेच नाहीत. विचारलं ते हे: पाण्याखाली वाळू आहे की प्रवाळ? उतार किती, एकदम खड्डा लागतो का? बोटी कुठून जातात? तो पहिल्यांदा हसला, मग कामाला लागला. तीन बीच त्याने कळवले. मी त्याला म्हटलं, फोटो नकोत, मोबाईलवर आवाज टिपून पाठव.

कारण माझ्या डोक्यात एकच अडचण होती. समुद्राला कड नाही हे आण्णांना बरं वाटत होतं, मला तीच काळजी होती. कड नसेल तर किनारा कुठल्या बाजूला, हे त्यांना कळणार कसं?

जेवणाच्या सुट्टीत डोळे मिटून मी ते आवाज ऐकले. पहिल्यात जेट स्कीची घरघर. दुसऱ्यात गाड्यांचे हॉर्न आणि कुठलं तरी हॉटेलातलं संगीत. तिसऱ्यात जवळ पाण्याची बारीक चुळचुळ, आणि लांब एकसारखा घुमणारा आवाज. तो रीफचा. म्हणजे घुमतो ती बाजू समुद्राची, त्याकडे पाठ केली की किनारा. मी तोच आवाज संतोषच्या मोबाईलवर पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"आण्णांनी तीनदा लावायला सांगितला. मॅडम, दोरीच्या आत, ट्रेनर बरोबर, आणि छातीच्या वर पाणी नाही. एवढं पक्कं असेल तर माझी हरकत नाही."

मुनोत सरांनी हॉटेल बदललं. ग्रुपमधल्या बाकीच्यांना मी वाऱ्याचं कारण सांगितलं. ते खरंही होतं.

ऑगस्टमध्ये आम्ही मॉरिशसला पोचलो. ट्रेनर होता किशन. तिथलाच, पण त्याची आजी भोजपुरी बोलायची, त्यामुळे त्याला मोडकं हिंदी येत होतं. पहिल्या सकाळी त्याने आण्णांचे दोन्ही हात दोरीवर ठेवले आणि आखलेल्या भागाची कड चालत दाखवली. वारा नव्हता. काकू पदर खोचून घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. संतोष वाळूवर, बूट घालूनच.

आण्णा पोटापर्यंत गेले, मग छातीपर्यंत. तिथे थांबले. बराच वेळ नुसते उभे राहिले. किशन म्हणाला, "चलिए, अण्णाजी." ते हलले नाहीत. एक लाट आली, छोटीच, त्यांच्या तोंडावर आपटली. ते खोकले आणि मागे वळले.

"नगं," बाहेर येऊन म्हणाले. "ह्ये पानी उभंच ऱ्हाईना. पायाखालची वाळू बी सरकती. मला न्हाई समजत ह्ये."

संतोषने त्यांना टॉवेल गुंडाळला. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेची भावना स्पष्ट दिसत होती, आणि वडिलांचा चेहरा बघून ती लगेच गेली. त्या दिवशी आण्णा जेवले नाहीत. मी सरांना फोन केला.

"प्रयत्न केलास ना? झालं," सर म्हणाले. "आता सोड."

दुसऱ्या दिवशी आमच्या कार्यक्रमात दक्षिणेचा ग्री-ग्री हा किनारा होता. तिथे रीफ तुटलेलं आहे. उघड्या समुद्राच्या लाटा थेट किनाऱ्याच्या उंच खडकांवर येतात. पोहायला धोक्याचं, लोक फक्त वरून बघतात. मला वाटलं होतं, आण्णा गाडीतच बसतील. ते उतरले. कठड्याजवळ काकूंचा हात धरून उभे राहिले. खाली लाट फुटली की जमीन हलायची, तोंडावर तुषार यायचे.

"कालचं आनि ह्ये पानी एकच का?" त्यांनी मला विचारलं.

"एकच. काल मध्ये रीफ होतं. ही सगळी ताकद तिकडे बाहेरच फुटते."

"म्हंजी माझ्यापत्तुर आलं ते उरलंसुरलं?"

"हो."

ते थोडा वेळ ऐकत राहिले. "मग त्येला भ्यायचं कारन न्हाई," म्हणाले आणि गाडीकडे वळले.

शेवटच्या सकाळी विमानाच्या आधी थोडा मोकळा वेळ होता. आण्णा स्वतःच तयार होऊन लॉबीत आले. बीचवर किशनने त्यांचा हात धरला, तर ते म्हणाले, "तू मागनं ये. संतोष कुठं हाय?"

"इथंच आहे, आण्णा."

"पान्यात ये."

"मला येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"म्हनून तर बोलावतोय. बूट काढ."

संतोषने माझ्याकडे बघितलं. यात पडणं टूर मॅनेजरचं काम नव्हतं. तो ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरला. पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा दुमडीला काही अर्थ राहिला नाही.

"पालथा हो."

"आण्णा, बुडेन मी."

"माझ्या हातावर हायस. मान ढिली सोड. ढिली. दगडावानी काय धरलीयास?"

आण्णांचा एक हात मुलाच्या पोटाखाली होता, दुसरा पाठीवर. पाठीवरच्या हाताने ते त्याचा श्वास मोजत असावेत, कारण संतोषने श्वास रोखला की लगेच ओरडायचे. ते पाण्याकडे बघत नव्हते, मुलाकडेही नाही. त्यांना बघायची गरजच नव्हती. तीन-चारदा संतोष पाणी प्यायला. मग एकदा तो तरंगला, पाय हलवत थोडा पुढे गेला, आणि मला दिसलं की आण्णांचे दोन्ही हात पाण्याबाहेर आहेत.

काकू काठावरून ओरडल्या, "आवो, हात सोडलाय तुमी!"

ते ऐकून संतोष घाबरला आणि उभा राहिला. पाणी छातीपर्यंतच होतं. तो हसायला लागला, मग हसता हसता त्याने ओल्या हातांनी तोंड झाकलं. आण्णा आवाजाच्या रोखाने गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "उशीर झाला, पर आलं."

मग त्यांनी रीफचा आवाज ऐकला, त्याच्याकडे उजवा कान केला, आणि किनाऱ्याला समांतर पोहत निघाले. किशन थोडं अंतर ठेवून बरोबर होता. लांब, सावकाश हात, डोकं पाण्याबाहेर. दोरी हाताला लागली की वळायचे आणि परत यायचे. किती फेऱ्या झाल्या मी मोजल्या नाहीत. बस निघायची वेळ झाली तरी मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं.

नगरला आल्यावर मुनोत सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि तेच हॉटेल पुढच्या ऑगस्टच्या पॅकेजमध्ये कायम केलं. संतोष आता रविवारी जलतरण तलावावर जातो असं त्याने कळवलं. गावाकडच्या विहिरीचं कुलूप अजून तसंच आहे. त्याबाबत बापलेकांचं एकमत झालेलं नाही.

धंद्याच्या दृष्टीने मी दोन गोष्टी शिकले. समुद्रकिनाऱ्याचं हॉटेल निवडताना आधी त्या महिन्यातला वारा विचारावा, मग खोलीचा भाव. आणि "मी फक्त वाळूवर बसणार" असं जो सांगतो, त्यालाही पोहायचे कपडे बरोबर घ्यायला लावावेत. बॅगा आधीच बसमध्ये चढल्या होत्या, त्यामुळे संतोष मुंबईपर्यंत विमानात ओल्या ट्रॅकपँटमध्येच बसून आला.