मँटलवरची मेथी

साहेबांनी ते थट्टेत विचारलं होतं, हे मला ऑफिसचा जिना उतरताना कळलं. तोवर मी हो म्हणून बसलो होतो.

झालं असं. अल् खुवैरच्या आमच्या ऑफिसात मी इमारतींची ड्रॉइंग्ज तपासतो. मोठे साहेब आयरिश. त्यांना मोबाइलवर साइटचे फोटो दाखवताना बोट जरा जास्त सरकलं आणि आमच्या घरचा गणपती आला. साहेब गणपती सोडून तो जिथे बसला होता तिकडेच बघत राहिले.

"तुमच्या घरी फायरप्लेस? मस्कतमध्ये?"

आहे खरी. अल् घुब्रातला आमचा फ्लॅट भाड्याचा. घरमालकाला कुठल्याशा हॉटेलातली शेकोटी आवडली, म्हणून त्याने आमच्या हॉलच्या भिंतीला प्लास्टरची एक चिकटवली आणि वर संगमरवरी फळी बसवली. धुराडं नाही, आत आग पेटायचा प्रश्नच नाही. पोकळीत आम्ही पिण्याच्या पाण्याचे जार ठेवतो. वरच्या फळीवर, म्हणजे मँटलवर, वर्षातून दीड दिवस गणपती बसतो. एरवी तिथे एसीचे रिमोट आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या असतात.

"मग सेंट पॅट्रिक्स डेला सजवत असालच," साहेब हसत म्हणाले.

"हो सर. दर वर्षी."

साहेबांचं हसू थांबलं. "खरंच? मग बघायला यायला हवं. सतरा तारखेला संध्याकाळी येतो."

सेंट पॅट्रिक हा त्यांचा संत, मार्चमध्ये त्याचा सण, आणि त्या दिवशी सगळं हिरवं करतात, एवढंच मला ठाऊक होतं. तेही ऑफिसात येणाऱ्या हिरव्या केकमुळे.

मी खोटं का बोललो, तर सलालाहमुळे. मस्कतपासून हजार किलोमीटरवरच्या त्या गावातल्या नव्या ऑफिसात आमच्यातल्या एकाला तीन वर्षांसाठी पाठवायचं होतं आणि कोणाला ते साहेब ठरवणार होते. सलालाह वाईट नाही. नारळाच्या बागा आहेत, पावसाळ्यात गारवा आहे, भारतीय शाळाही आहे. पण लेक एप्रिलपासून दहावीत जाणार होती आणि बायको इथल्याच बालवाडीत शिकवते. त्या महिन्यात साहेबांच्या कुठल्याही वाक्याला नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

"सर, तसं काही नसतं हो आमच्याकडे," असं सांगून टाकायचं मी रोज सकाळी गाडीत ठरवायचो. पण साहेबांनी ते साऱ्या मजल्याला सांगितलं होतं. चहावालाही मला विचारायचा, "सजावट झाली का, अर्बाब?" अर्बाब म्हणजे इथे मालक.

बायकोला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

"बोलावलंच आहे ना आता? मग एक काम करायचं. चहा पुढे यायच्या आत त्यांना सांगायचं, 'सर, सलालाहसाठी माझं नाव धरू नका.' एवढंच वाक्य. बाकीचं मी बघते."

सजावटीचा सल्ला लेकीने दिला. "बाबा, शॅमरॉक पाहिजे. ते क्लोव्हरसारखं. थ्री लीव्ह्ज. फोर नको, फोरवालं वेगळं असतं." तिने फोनवर चित्र दाखवलं. एका देठाला तीन गोलसर पानं. मी म्हटलं, ही तर मेथी.

चार जुड्या आणल्या. बायकोने बघितल्या आणि म्हणाली, "भाजीची मेथी देवाला नाही चालत, संताला चालते वाटतं."

सतरा तारखेला अर्धी रजा टाकून मी गणपतीच्या सामानाचा खोका काढला. हिरव्या कापडाची झालर, झगमगत्या दिव्यांची माळ, कागदी झेंडूची तोरणं. आयर्लंडच्या झेंड्यात केशरी आहे असं लेकीनेच सांगितलं होतं, म्हणून झेंडू चालून गेले. मेथीच्या डहाळ्या मी दोऱ्यात ओवल्या. तासाभरात त्यांनी माना टाकल्या. एसी अठरावर नेला. हॉलमध्ये आम्ही तिघं स्वेटर घालून बसलो आणि घरभर मेथीचा वास.

"बाबा, इट्स सो क्रिंज," लेक म्हणाली, आणि उठून तिनेच छोट्या फवाऱ्याने पानांवर पाणी मारलं. जाता जाता म्हणाली, "सर हो बोलले तर मी माझ्या ग्रुपला आज सांगू ना, की मी जात नाहीये?" मी म्हटलं, सांग की.

साहेब आले ते दारातच बूट काढून. मँटलसमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. मग इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, "देव कुठे आहे?"

चूक त्यांची नव्हती. दिवे, झालर, तोरणं, सगळा थाट मखराचाच होता, मधली जागा तेवढी रिकामी. मी म्हटलं, "सर, हे तुमच्या संताचं." माझ्यामागे बायकोला खोकला आला.

साहेब पुढे झाले आणि त्यांनी मेथीचं पान दोन बोटांत धरलं. बराच वेळ धरलं. त्यांची आई मँटलवर उकडलेलं अंडं ठेवायच्या छोट्या कपात पाणी घालून शॅमरॉक ठेवायची, सकाळी त्यातलं एकेक मुलांच्या कोटाला टाचायची. आई गेल्यावर घर विकलं. इथे ते हॉटेलसारख्या तयार फर्निचरच्या फ्लॅटमध्ये राहतात. हे त्यांनी आम्ही न विचारताच सांगितलं, आणि एक डहाळी खिशाला लावली. ही भाजी आहे हे सांगायची कोणाचीच हिंमत झाली नाही.

बायको स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती. आधण उकळल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "सर, सलालाहचं जरा..."

"अगदी तेच बोलणार होतो," साहेब म्हणाले. "मला भीती होती, जो जाईल तो तिथे एकटा पडेल, कंटाळून सोडून जाईल. पण ज्या माणसाला परक्याचा सण असा घरात मांडता येतो, तो कुठेही घर करील. उद्या दुपारी मी नाव कळवणार आहे. तुमचंच कळवू ना?"

चहा पुढे आला. कोथिंबीर वडीची बशी माझ्या हातात होती. मी म्हणालो, "थँक यू, सर."

साहेब गेले. लेक फोन घेऊन खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी एसी बंद केला आणि तो बंद झालाय की नाही हे पुन्हा पुन्हा बघत राहिलो. बायकोने ताटल्या आत नेल्या, हात पुसले, आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"आता मी साहेब," ती म्हणाली. "सांगा, तुमचंच नाव कळवू ना?"

मी म्हटलं, "बघू या, सर."

"परत."

"घरी विचारून सांगतो, सर."

"घरी विचारून झालंय," ती म्हणाली. "परत."