आमच्या घरात आलेला शब्द

लिंचिंग हा शब्द मला शाळेत भेटला. अमेरिकेत कोणा एकाने कायदा बाजूला ठेवून स्वतःच न्यायनिवाडा सुरू केला, त्याचं आडनाव या शब्दाला चिकटलं असं म्हणतात, हे इंग्रजीच्या बाईंनी सांगितलं होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही. झुंडबळी हा शब्द मात्र मी वर्तमानपत्रात वाचला, गोव्यातल्या आमच्या साखळी गावच्या बाजारात चादरी विकणारा माणूस मारला गेला तेव्हा. मुलं पळवणारी टोळी आली आहे असा मेसेज तेव्हा सगळीकडे फिरत होता. त्या माणसाने एका रडणाऱ्या मुलीला चॉकलेट दिलं, एवढंच. तो परका होता, आमची भाषा त्याला येत नव्हती.

मी दोन्ही शब्द शेजारी ठेवून पाहिले. इंग्रजीत निदान कोणाचं तरी आडनाव उरलं. मराठीत झुंड आहे आणि बळी आहे. बळी तर देवाला देतात. मारणारा एकेकटा माणूस त्यात मला सापडेना.

बाजारातला व्हिडिओ मोबाइलवर आला. त्यात एक निळा शर्ट होता, पाठमोरा. आईने तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि फोन उपडा ठेवला. गणपतीच्या चवथीला तो शर्ट तिनेच भावाला घेतला होता. पोलीस मारणाऱ्यांना शोधत होते.

"गर्दीत कोणाचो हात कोणाक लागलो, कोण सांगतलो?" ती म्हणाली.

भाऊ खाली मान घालून जेवत राहिला. मीही काही विचारलं नाही. मी सहसा विचारत नाही.

शिगमा, म्हणजे आमच्याकडची होळी, जवळ आला तसा मामा भावाला न्यायला आला. मामाच्या गावात शिगम्याला 'चोर' पुरतात. फार पूर्वी गावाने वाटसरूंना चोर समजून ठार मारलं, मग ते निरपराध निघाले. त्या पापाची आठवण म्हणून मुलगे खड्ड्यात उतरतात, गळ्यापर्यंत माती ओढून घेतात आणि लोक त्यांना हात जोडतात. भावाला दरवर्षी तो मान मिळायचा.

"काय रे चोरा, चल. खड्डो वाट बघता तुझी," मामा हसत म्हणाला.

"माका नाका, मामा."

"कित्याक? पाठ दुखता? आतापासून म्हातारो झालंस?"

"त्या चादरीवाल्याक मारताना मी होतंय."

मामाचं हसू गेलं. "तू मारलंस?"

"लाथ घातलंय. तो खाली पडल्यार."

मग मामा म्हणाला, "आमच्या गावात मेलेल्यांचा सोंग घेतत, मारणाऱ्यांचा कोण घेयना रे. चप्पल घाल. डिचोलीक जाऊया, पोलिसांकडे."

आई दारात आडवी उभी राहिली. "दादा, तू मामा त्याचो, का वैरी?"

भाऊ तिच्या बाजूने अंग चोरून बाहेर पडला. मी तिचा हात धरला, तो तिने झटकला.

संध्याकाळी मामा एकटाच परत आला. आईने त्याला पाणीही विचारलं नाही.