शटरखालून दिलेलं औषध

खाटकीणबाईचा नवरा दिवसभर मेंढरं कापायचा आणि घरी मेंढरासारखा वागायचा. शेजारणी त्यावरून तिची फिरकी घ्यायच्या, तीही हसायची. मग त्याच्या पायांवर जांभळे डाग उठले, लघवीतून रक्त गेलं. रक्तवाहिन्या सुजून आतून फुटताहेत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सूज आवरणारं औषध शरीर स्वतःच बनवतं, मूत्रपिंडांवरच्या दोन छोट्या ग्रंथींत. याला तेवढं पुरेना, म्हणून तसंच औषध गोळ्यांनी, भरपूर द्यायचं ठरलं.

गोळ्यांनी रक्तवाहिन्या वाचल्या आणि घर पेटलं. नवऱ्याची झोप उडाली, तोंड सुजलं आणि हात सुटला. हाडं असा फोडायचा की गिऱ्हाइकांच्या दाताखाली कपच्या यायच्या. पाणी कोमट दिलं म्हणून त्याने बायकोचं मनगट ओट्यावर आपटून मोडलं. लेकीने रेडिओ लगेच बंद केला नाही, तर त्याने तराजूचं लोखंडी वजन भिरकावलं. ते तिच्या कानावर बसलं, रक्त भिंतीवर उडालं. पोर रडलीसुद्धा नाही.

बाईच्या डोक्यात तिडीक गेली. गोळ्या आल्या आणि माणूस फिरला, एवढं तिला कळत होतं. तिने त्या गोळ्या दुकानातल्या बर्फाच्या पेटीत कलेजीखाली दडपल्या आणि डबीत तशाच दिसणाऱ्या ताकदीच्या गोळ्या भरल्या. औषध एकदम तोडू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पण ते नवऱ्याला. त्या गड्याने घरी सांगितलंच नव्हतं.

नवरा मऊ पडला. त्याला सत्तूर उचलवेना, आणि बाईला आनंद झाला. मग तो ओकत ओकत मटण तोडायच्या ठोकळ्याखाली, रक्ताच्या चिखलात कोसळला. मरू दे, असं तिला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. तो तोंडातल्या तोंडात लेकीला हाक मारत होता. शिव्या हासडत तिने बर्फाची पेटी उपसली, गोळ्या घेतल्या आणि त्याला हातगाडीवर घालून दवाखाना गाठला.

सुई टोचल्यावर तो शुद्धीवर आला. वरून औषध मिळत राहिलं की ग्रंथी सुस्तावतात, त्यांना जागं व्हायला कित्येक महिने लागतात, डॉक्टरीणबाईंनी या वेळी तिलाच समजावलं. मात्रा हळूहळूच उतरवायची.

"गोळी चुकणार नाही," बाई म्हणाली, "पण हे घरात यायचे नाहीत."

तो दुकानातच राहू लागला. बाहेरून कुलूप घातलेल्या शटरच्या फटीतून ती रोज गोळी सरकवायची. सुरुवातीला त्याने लाथा घालून पत्रा वाकवला, तिच्या आईबापांचा उद्धार केला. हळूहळू मात्रा उतरली, लाथाही थांबल्या. एका सकाळी त्याने विचारलं, "पोरीचा कान कसा आहे?"

"त्या कानाने ऐकू येत नाही. आता यायचंही नाही."

मग गोळी फटीतून परत बाहेर आली.

"नको मला," तो म्हणाला.

बाईने ती पदराला पुसून पुन्हा आत सारली.

"गिळा. तुम्ही मेलात तर पोरीने भांडायचं कोणाशी?"