लेफ्ट आउट: पालीच्या खळ्यापर्यंत

झालं ते असं:

१. आमचं कॉलेज विद्यापीठाच्या फुटबॉल स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोचलं.
२. उपान्त्य सामन्याआधी सदाशिवची जागा बदलून त्याला लेफ्ट आउट केलं. म्हणजे डाव्या कडेनं धावणारा आघाडीचा खेळाडू. दोन्ही गोल त्यानेच केले.
३. ही बातमी त्याच्या वडिलांना वेल्ह्याकडच्या पालीला कळवणारं कार्ड मी लिहिलं: ‘चि. सदाशिव यास संघात लेफ्ट आउट केले आहे.’
४. पालीचं टपाल विंझरच्या शाळेत येतं. तिथे गुरुजींनी ते वाचून अर्थ सांगितला: वगळला, बाहेर काढला.
५. वडिलांनी सदाशिवला घरी बोलावून घेतलं. तो परत आला नाही.
६. त्याचं पत्र आलं: ‘आबा माझं ऐकत नाहीत. मी लपवतो आहे असं त्यांना वाटतं. कार्ड तुम्ही लिहिलंत, तुम्हीच या.’

मी पदार्थविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोजणी-आखणी शिकले आहे, म्हणून मैदानावर चुन्याच्या रेषा आखणं आणि संघाच्या नोंदी ठेवणं माझ्याकडे आलं. माझ्या नोंदीत चूक सापडत नाही, अशी माझी समजूत होती.

लढाईमुळे पेट्रोल नाही. सकाळची सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. मागे उभ्या शेगडीसारखी टाकी असते. कात्रजच्या चढावर तिची ताकद संपली तेव्हा सगळे उतारू खाली उतरून चालले. तिकडे जाणार असाल तर पायांत चांगल्या वहाणा असू द्या. आणि वेल्ह्याकडे जायचं तर नसरापूरच्या फाट्यावर उतरा. मी बोलण्याच्या नादात नव्हे, हिशोब चुकून कापूरहोळला उतरले. तो भोरचा फाटा. चहा चांगला मिळाला, पण तेवढा रस्ता उलट चालावा लागला.

नसरापूरहून मिठाची पोती घेऊन विंझरला निघालेली बैलगाडी मिळाली. गाडीवानाने भाडं घेतलं नाही, चौकशी मात्र पुरेपूर केली.

“पालीला कुनाकडं?”

“सदाशिवच्या घरी. कॉलेजात शिकतो तो.”

“ज्याला भाईर काढला त्यो?”

“काढलेला नाही.”

“आवो, कारड आलंया. म्या सोता ऐकलंय.”

“ते कार्ड मीच लिहिलं.”

त्याने मागे वळून बघितलं. “आसं व्हय. तुमीच काढला, आन तुमीच न्यायला आला.”

विंझरला शाळा वाटेतच होती. गुरुजी ओट्यावर बसले होते. मी उतरले नाही. गाडीतल्या पोत्यांकडे बघत राहिले. हेही नोंदीत असू द्यावं.

पुढे पालीपर्यंत पायी. दोन्ही बाजूंना भात कापलेली खाचरं, मधूनमधून उभं पीक, समोर राजगड. चढ फार नाही, पण ऊन अंगावर येतं. पाणी बरोबर घ्या. पोचले तेव्हा खळ्यावर झोडणी चालली होती. सदाशिव हातातली पेंढी न ठेवताच “आलात” एवढंच म्हणाला. त्याच्या आईने तांदळाची भाकरी, वालाचं कालवण आणि ताक पुढे ठेवलं. “येकटीच आलीस व्हय, पोरी?” तिने दोनदा विचारलं.

 जेवण झाल्यावर आबा म्हणाले, “बाई, कारडावरची शाई तुमचीच न्हवं?”

“माझीच.”

मी खळ्यावर काडांनी मैदान मांडलं. एक वीत म्हणजे दहा यार्ड. अकरा खडे ठेवले आणि डाव्या रेषेजवळच्या खड्यावर बोट ठेवलं. “हा सदाशिव.”

आबा वाकून बघत राहिले. “ह्यो तर पार कडंला हाय. म्हंजी भाईरच की.”

“रेषेच्या आत आहे, आबा.”

“येकटाच?”

“एकटाच. म्हणून त्याच्याकडे चेंडू आला की अडवायला माणसं कमी असतात.”

आबांनी खडा उचलला, पुसला, पुन्हा तिथेच ठेवला. “मला उमगलं. पर मला उमगून काय उपेग? वाचलं चारचौघांत. बाजाराला गेलो की लोकं इचारत्यात, आबा, पोरगं भाईर बसलं का? त्ये तितंच पुसाय पायजे.”

“मी गुरुजींना चिठ्ठी लिहून देते.”

“पुन्यांदा लिवू नगा, बाई!”

सगळे हसले. सदाशिव सर्वांत जास्त.

सकाळी आबा मुंडासं बांधून माझ्याबरोबर विंझरला आले. शाळेच्या ओट्यावर टपालासाठी पाच-सहा माणसं होती, कालचा गाडीवानही. गुरुजींनी चष्मा लावला. “लेफ्ट म्हणजे सोडलेला. आउट म्हणजे बाहेर. माझं काय चुकलं ते दाखवा.”

दाखवता आलं असतं. वाक्य रात्रीच जुळवून ठेवलं होतं. पण या खोऱ्यातल्या घरांची पत्रं हा एकच माणूस वाचतो, आणि त्याने समोर होतं तेच वाचलं होतं.

“तुमचं वाचणं बरोबर आहे, गुरुजी,” मी म्हणाले. “माझं लिहिणं चुकलं. मैदानावरचा शब्द मी घरच्या पत्रात घातला आणि अर्थ लिहिला नाही. सदाशिवला काढलेलं नाही. त्याला डाव्या कडेची जागा दिली आहे.”

“मोटं बोला की, मागं ऐकू येत न्हाई!” गाडीवान ओरडला.

मी सगळं पुन्हा म्हणाले. मोठ्याने. माझी चूक मी इतक्या मोठ्याने कधी सांगितली नव्हती.

गुरुजींनी चष्मा काढला. “डावा. हां, लेफ्ट म्हणजे डावाही होतो.” मग ओट्याकडे वळून म्हणाले, “ऐकलं का रे? पोरगा आत आहे.”

 निरोप देताना आबा म्हणाले, “दोन खाचरं आजून हुबी हायती. बगू.” सदाशिवने सकाळीच निरोप दिला होता: माझ्या बुटांना तेल लावून ठेवायला सांगा.

घरी आल्यावर पातळाच्या काठात अडकलेली काडं काढली आणि मोसमाची वही उघडली. प्रत्येक पानावर असे शब्द निघाले की ज्यांचा अर्थ मैदानाबाहेर कुणाला लागणार नाही. त्यांना मी इतके दिवस नेमकेपणा म्हणत होते. नवं कार्ड लिहिलं. टाकण्याआधी आईला मोठ्याने वाचून दाखवलं आणि तिला काय समजलं ते विचारलं. ते असं:

‘आबांना नमस्कार. सामना रविवारी दुपारी चार वाजता आहे. सदाशिव संघात आहे. त्याची जागा डाव्या कडेला आहे. आपणही यावे. डाव्या रेषेजवळ उभे राहिलात तर तो सर्वांत जवळून दिसेल. मध्यंतरानंतर बाजू बदलतात. तेव्हा समोरच्या रेषेजवळ जावे. सदाशिव येणार की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळवावे.’