शुक्रवारची भाकितं

शुक्रवारी भिवंडीत कापडाचे लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात. एरवी आमच्या गल्लीत त्या खटखटाटावरून ओरडून बोलावं लागतं, आणि शुक्रवारीही ती सवय सुटत नाही. त्यामुळे त्या वर्षी ताई आणि बाबांचा वाद अख्ख्या गल्लीने ऐकला. समोरच्या काकींनी एकदा खिडकीतून विचारलंही, "मास्तर, भांडण हाय का काय?" बाबा म्हणाले, नाही, चर्चा चाललीय. मला विचाराल तर ती मॅच होती, आणि मी पूर्ण आठवडा शुक्रवारची वाट बघायचो.

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. मी कॉलेजात होतो. ताई काल्हेरला एका गोदामाच्या ऑफिसात कामाला जायची. लग्नानंतर लवकरच तिचे यजमान अपघातात गेले आणि ती आमच्याकडे परत आली. आई त्याआधीच गेलेली. ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर ताई कशेळीला रविवारच्या प्रार्थनेला जाऊ लागली, आणि बघता बघता एके संध्याकाळी तिने जाहीर केलं की ईस्टरनंतर ती बाप्तिस्मा घेणार, अंबाडीच्या पुढे नदीवर. बाबांनी तिथे यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

बाबा निवृत्त शिक्षक. शिवाय पत्रिका बघायचे, पैसे न घेता, आणि त्यांच्या शब्दाला गावात मान होता. अलीकडे मात्र त्यांनी ते बंद केलं होतं. ते ताईला म्हणाले की मी अडवणार नाही, पण तिथे उभं राहायचं म्हणजे मान डोलावल्यासारखं होतं. आधी मला पटव. ताई म्हणाली, तुम्हाला भविष्यातलं कळतं, मग भविष्यावरूनच पटवते. येशूबद्दलची भाकितं तो जन्मायच्या कितीतरी आधी लिहून ठेवलेली आहेत आणि ती खरी ठरली. आणखी काय पुरावा हवा?

पहिल्या शुक्रवारी तिने बेथलेहेम काढलं. राजा या गावातून येईल असं जुन्या संदेष्ट्याने सांगितलं होतं आणि येशू तिथेच जन्मला. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात बाबा हसले. म्हणाले, माझ्याकडे लोक यायचे तेव्हा निम्म्यांना जन्माची वेळ धड माहीत नसायची. मग मी काय करायचो? झालेलं आजारपण, लग्न, नोकरी विचारायचो, आणि ते सगळं बसेल अशी वेळ मागेपुढे सरकवायचो. बसलं की माणूस थक्क. ज्याने येशूचं चरित्र लिहिलं त्याला भाकीत पाठ होतं. त्याने गाव सरकवलं नाही हे कशावरून?

स्वतःच्या विद्येचं बिंग बाबांनी स्वतःच फोडलं होतं, आणि तेही इतक्या मजेत! मला तर काय करू नि काय नको असं झालं होतं.

पुढच्या खेपेला ताई तयारीने आली. कशातलं ते न सांगता तिने एक उतारा वाचला. लोकांनी झिडकारलेला एक माणूस, दुसऱ्यांच्या अपराधांसाठी मार खाणारा, कातरणाऱ्यासमोरच्या मेंढीसारखा गप्प राहणारा. कोण हा, तिने विचारलं. बाबा पटकन म्हणाले, येशू, दुसरं कोण? आणि ताई उठून उभीच राहिली. हे येशूच्या शेकडो वर्षं आधीचं आहे, तिने सांगितलं. मी खुर्चीवरून उडालो. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या रात्री जेवताना ताई गालात हसत होती.

बाबा हार मानणारे नव्हते. ते वाचनालयात जाऊन बसले. तिसऱ्या शुक्रवारी आले ते ताईचाच मुद्दा घेऊन: मृत समुद्राजवळच्या गुहांत या उताऱ्याची जुनी गुंडाळी सापडलीय, येशूच्याही आधीची. म्हणजे लिहिणं आधीचं, हे कबूल. ताई हर्षाने लाल झाली. पण पुढे ते म्हणाले की हा माणूस कोण, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. बरेच यहुदी तो आपला छळलेला समाजच मानतात. मला नाव आठवलं ते येशूची गोष्ट आधी ऐकलेली म्हणून. शिवाय जुळलेली भाकितं तू मला दाखवतेस. न जुळलेली कोणी गोळा केलीत का?

ताई चिडली. "तुम्ही केलीत का, बाबा? तुमची किती चुकली, ते कोणाला सांगितलंत कधी?"

बाबा म्हणाले, "एक चुकलं. तुझं लग्न. पत्रिका मीच जुळवली होती. तुला तो मुलगा फारसा पसंत नव्हता, आणि मी म्हणालो होतो, दीर्घायुषी आहे, डोळे मिटून हो म्हण."

खोलीत इतकी शांतता झाली की मला लूम सुरू व्हावेत असं वाटलं. बाबांनी पत्रिका का सोडल्या हे मला तेव्हा कळलं. भाकीत खरं ठरतं म्हणून मान डोलवायची, हे त्यांना आता कोणासाठीच जमणार नव्हतं. पोटच्या मुलीसाठी तर नाहीच.

ताई त्यांच्याजवळ जाऊन बसली. "माझा विश्वास भाकितांवरून बसलाच नाही, बाबा. मी ती नंतर वाचली, तुमच्यासाठी. त्या प्रार्थनेत मला, आमचे हे गेल्यापासून पहिल्यांदा, शांत झोप लागेल असं वाटलं, आणि लागली. पुरावा म्हणून तुम्हाला ते चाललं नसतं."

"मग मी यायलाच हवं असं का?"

"पाण्यातून वर आल्यावर तुम्ही दिसला नाहीत तर मला आपल्या घरातून गेल्यासारखं वाटेल."

"एवढंच होतं तर पहिल्याच दिवशी सांगायचंस," बाबा म्हणाले.

अंबाडीला जाताना जीपमध्ये दोघं पुन्हा बेथलेहेमवरून भांडत होते आणि मला इतका आनंद झाला होता की हसू आवरेना. नदीवर पाद्रीबुवांनी बाबांचं स्वागत केलं आणि तुम्हालाही पटलं असेल तर बाप्तिस्मा घ्याल का, असं विचारलं. बाबांनी स्पष्ट सांगितलं की मला काही पटलेलं नाही, मी हिचा बाप आहे. ताई पाण्यात उतरली, बुडाली, वर आली, आणि केस मागे सारत काठाकडे बघू लागली. बाबा काठावर नव्हते. तिचा टॉवेल भिजू नये म्हणून डोक्यावर धरून, पँटही न दुमडता, ते गुडघाभर पाण्यात तिच्या दिशेने निघाले होते.