खडीवरचं हसू

पुंजारामला हसताना पाहिलेला माणूस पाथर्डीकडच्या त्या गावात शोधूनही सापडला नसता. स्वतःच्या लग्नात तो असा बसला होता, की नवरदेवाला दात तरी आहेत ना, अशी चौकशी वऱ्हाडातल्या बायांनी केली होती. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, तंबाखू नाही, बायकोवर कधी हात उचलला नाही. पण हसणाऱ्या गड्याचं बैलसुद्धा ऐकत नाही, हे बापाचं सांगणं त्यानं सातबाऱ्यासारखं जपून ठेवलं होतं.

त्याची बायको मनकर्णा. नवी नवरी होती तेव्हा तिनं जेवताना त्याची काही थट्टा केली होती. काय ते आता दोघांनाही आठवलं नसतं. "घरात दात काढत जाऊ नको," एवढंच तो म्हणाला आणि पुढचा घास मोडला. आपलं हे बोलणं तो विसरून गेला, ती विसरली नाही. तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं. पुंजारामची मात्र पक्की समजूत, की बाई मुळातच अबोल आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार?

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, बैल छावणीत गेले आणि गाव सरकारी रस्त्याच्या कामाला लागलं. गडी मुरूम खणायचे, बाया टेकाडापलीकडे खडी फोडायच्या. पुंजाराम खाली मान घालून टिकाव मारत असताना एका सकाळी टेकाडाआडून हसू आलं. बारीक नव्हे, चांगलं खळाळून, मध्येच दम लागून थांबणारं आणि पुन्हा उसळणारं.

"कोन हसतंय रं?" त्यानं शेजारच्या गोरक्षला विचारलं.

"तुझीच मंडळी. दुसरं कोन?" गोरक्ष म्हणाला. "आसाराम गेला असंल पानी घिऊन."

पुंजारामचा टिकाव वरच्या वर थांबला. इतकी वर्षं एका घरात राहून त्याला बायकोचा खोकला ओळखू येत होता, पावलं ओळखू येत होती, हसू मात्र दुसऱ्याला विचारून कळलं.

आसाराम हा त्याचा चुलतभाऊ, एका पायानं अधू. म्हणून मुकादम भिमाजीनं त्याला मजुरांना पाणी पाजायचं हलकं काम दिलं होतं. तोंडाचा भलता सैल. आणि मनकर्णेचा तो दीर लागत होता, तिथंच तर पुंजारामची बोलती बंद होती. दिरानं भावजयीची थट्टा करायची नाही तर कोणी करायची? गावाची रीतच ती. तक्रार केली असती तर सगळ्या खडीनं पुंजारामलाच हसायला घेतलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तो टिकाव मारी आणि कान टेकाडाकडे लावी. आसाराम गडी मंडळींना पाणी देऊन पलीकडे वळला, की याच्या अंगाचा तिळपापड होई. तिला कामावरून काढून घरी बसवावं, असंही मनात आलं. पण घरात बसून खायचं काय? आणि खरं सांगायचं तर ते हसू बंद पडावं असं त्याला वाटत नव्हतं. ते आपल्या घरात यावं, एवढंच वाटत होतं. आपल्या बायकोचं हसू पाणक्यानं फुकट ऐकावं आणि आपण टेकाडाआडून चोरून, हे त्याला सोसत नव्हतं.

आसारामची एक थट्टा गड्यांमध्येही फिरली होती. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची चप्पल शिवली तर दोन उन्हाळे फाटायची नाही, असं तो म्हणाला होता म्हणे. पुंजारामनं ती वाटेनं मनात घोकली आणि संध्याकाळी जेवायला बसल्यावर, तोंडाची घडी न मोडता, म्हणून टाकली.

"ह्या भाकरीची चप्पल शिवावी. दोन उन्हाळे जाईल."

मनकर्णेचा हात काटवटीतच थांबला. "कच्ची ऱ्हायली का? उद्यापासनं ध्यान देते," ती म्हणाली आणि त्याच्या ताटातली भाकरी उचलून दुसरी वाढली.

पुंजारामला ती दुसरी भाकरी गिळवेना. शब्द तेच, भाकरी तीच, मग आसारामच्या तोंडून हसू आणि आपल्या तोंडून चूक? त्या रात्री त्याला आसारामच्या लंगड्या पायाचाही हेवा वाटला.

अन् एके दिवशी आसाराम नेवाशाला बहिणीकडे गेला. भिमाजीनं पाण्यासाठी माणूस मागितला, तर सगळ्यांच्या आधी पुंजाराम पुढे झाला. मनात त्याला बरंच वाटत होतं. आज पाणक्या नाही, आज टेकाडापलीकडे सामसूम असणार, तिला कळेल कोणाशिवाय दिवस कसा जातो ते. पाण्याच्या टिपाडातून घागर भरून तो निघाला. टेकाडाला वळसा घालतोय तोवर हसण्याचा असा लोंढा आला, की घागरीतलं पाणी त्याच्या खांद्यावर सांडलं.

तो खडीच्या ढिगाआड थांबला.

बाया हातोडे टाकून बसल्या होत्या. मधोमध मनकर्णा उभी, पदर कमरेला खोचलेला. तिनं तळहातावर एक सपाट दगड धरला होता. तो उलटा केला, सुलटा केला, नाकाशी नेऊन हुंगला, मग कपाळाला आठ्या घालून एक तुकडा मोडल्यासारखं केलं. पुंजाराम भाकरी अशीच खायचा. मग ती दचकली, पानावरून उठली, जड पावलं टाकत गेली आणि हवेतली कडी हलवून पाहिली.

"कडी लावली का गं?" आवाजही हुबेहूब त्याचा. "कोन आलं-गेलं तर?"

"आता काय न्हेनार चोर?" रंगुबाई पोट धरून म्हणाली. "कनगीतली घूस?"

"तीबी गेली कवाच दुसऱ्याच्या घरी," मनकर्णा म्हणाली. "पन आमच्याकडं घासा-घासाला कडी बघत्यात."

पुंजारामच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आसाराम हसवत नव्हताच. तो बाकीच्यांसारखा तिथं जाऊन हसत होता, आणि त्याच्या नावावर खपलेली चपलेची थट्टासुद्धा बहुधा हिचीच. आड तुडुंब भरलेला होता. सगळ्या गावानं पोहरा टाकला होता, एक घरधनी सोडून. एका आसारामवर जळत होता ते परवडलं असतं. आता खडीवरच्या एकेका बाईचा त्याला मत्सर वाटला, दात पडलेल्या रंगुबाईचासुद्धा.

मग कोणाला तरी तो दिसला. पदर तोंडाला गेले, हातोडे खाली-वर होऊ लागले. पुंजारामनं मुकाट्यानं एकेकीला पाणी पाजलं. मनकर्णेनं ओंजळ पुढे केली. तिनं मान वर केली नाही.

दिवेलागणीला दोघं घरी जेवायला बसली. ती बोलणी खाण्याच्या तयारीनं बसली होती. पुंजारामनं भाकरी उचलली, हात आपसूक नाकाकडे निघाला आणि मध्येच थांबला.

"ते खडीवरचं," तो म्हणाला, "हितं कर की."

"मला न्हाई येत," ती म्हणाली.

"तिथं येतं."

"तिथलं येगळं."

पुंजारामला रागावता आलं असतं तर बरं झालं असतं, पण राग येईना. नुसतं आत दुखत राहिलं. दोघं खाली मान घालून जेवू लागली. दोन-चार घास झाले असतील नसतील, पुंजारामला कडीची आठवण झाली. त्यानं स्वतःला दाबून धरलं. पण इतक्या वर्षांची खोड ती. शेवटी तो पानावरून उठलाच, जड पावलं टाकत दाराशी गेला आणि कडी हलवून पाहिली. लावलेली होती.

पाठीमागे फसकन आवाज आला. मग पदर तोंडात कोंबल्यासारखा घुसमटलेला, दम लागून थांबणारा आणि पुन्हा उसळणारा.

पुंजाराम जागचा हलला नाही. वळून पाहिलं असतं तर ते थांबलं असतं. दाराकडे तोंड करून तो तसाच उभा राहिला आणि ऐकत राहिला. आवाज ओसरायला लागला तेव्हा त्यानं ती लावलेली कडी पुन्हा एकदा हलवून पाहिली.